बहारीतला हिस्सा

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला आणि ईद 31 मार्चला. म्हणजे पाडव्याच्या दिवशी आमचा एकोणतिसावा रोजा होता. त्या दिवशी सकाळी मी मोटरसायकलवर शिरूरहून दौंडला निघालो. थोरल्या बहिणीकडे, आमच्या आपाकडे, ईदचं सामान पोचवायचं होतं. शेवया, खारीक, खोबरं, चारोळी आणि भाचीचा ड्रेस. शिवाय घरातल्या माणसांच्या फितऱ्याचं पाकीट. आपाच्या मोहल्ल्यात फितरा घेणारी घरं जास्त आहेत, म्हणून अब्बांच्या वेळेपासून तो तिकडंच जातो.

शिरूर म्हणजे जुनं घोडनदी. आजही म्हातारी माणसं गावाला घोडनदीच म्हणतात. गाव मागं पडलं आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला ऊन अजून कोवळं होतं. दारादारांत गुढ्या उभ्या होत्या. रेशमी खण, वर पालथा तांब्या, साखरेची गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा. बांधावरचा कडुलिंब मोहरला होता. त्याचा तो गोडसर-कडवट वास मोटरसायकलच्या वाऱ्यालाही चुकवता येत नव्हता. चिंचेला तांबूस पालवी फुटलेली, करंज हिरवागार झालेला. मध्येच एखादा पळस, पान एक नाही आणि सगळं अंग पेटलेलं. आमच्याकडचा वसंत हा असा बांधावर आणि ओढ्याच्या कडेला असतो. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही. विहिरी तळाला जाऊ लागतात, त्याच दिवसांत हे सगळं फुलतं.

रोजेदाराला खाण्यापिण्याची मनाई असते, डोळ्यांना आणि नाकाला नसते. पोट रिकामं असलं की नाक जास्तच जागं होतं. पुढं एका गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता. मी गाडी हळू केली, वास घेतला आणि पुढं निघालो. मनात म्हटलं, यात रोजा मकरूह होतो की काय ते अल्लाहला ठाऊक!

आपलं चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळं रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत फिरत साधारण तेहतीस वर्षांनी त्याच जागी येतो. असाच वसंतातला रमजान 1992 सालीही आला होता. तेव्हाही पाडवा आणि ईद एकाच चंद्राच्या आगेमागे होते. 1992 म्हटलं की लोकांना डिसेंबर आठवतो. मलाही आठवतो. पण त्याच्या आधी मला त्या वर्षाचा एप्रिल आठवतो. मी दहा वर्षांचा होतो.

अब्बा मणेर होते. बांगड्या विकायचे. चैत्र म्हणजे जत्रांचा महिना आणि जत्रा म्हणजे आमची सुगी. लोक जत्रेत मजा करायला येत. आम्ही मात्र त्या महिन्यात वर्षभराची बेगमी करायचो. ईद होऊन आठ-दहा दिवस झाले, तसे अब्बा मला घेऊन भीमेकाठच्या एका गावच्या जत्रेला गेले. सायकलला दोन्हीकडं पेट्या, मागं मी. सबंध रस्ताभर झाडं फुललेली असतील. पण अब्बांनी एकदाही मान वर करून ती पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांचं लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांवर. पेटीत काच होती.

जत्रेत पाळणा, रेवड्या, कुस्त्यांचा फड आणि तंबूतला सिनेमा. सिनेमा होता ‘माहेरची साडी’. 1991 साली आलेल्या या सिनेमानं खेडोपाडी बायकांना रडवून सोडलं होतं. दुसऱ्या बाजूला कॅसेटच्या दुकानावर ‘आशिकी’ आणि ‘साजन’ची गाणी. टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटींनी तेव्हा गाणं गरिबाच्या दारात आणून ठेवलं होतं. नदीम-श्रवणचं संगीत पाटलाच्या माडीवर तेच आणि आमच्या पत्र्याच्या खोलीतही तेच. कर्णा लावला की गाणं सगळ्या गावाचं. त्याला कुंपण घालता येत नव्हतं.

पण सिनेमाला तिकीट होतं. मी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, रात्रीच तर गिऱ्हाईक येतं. मग मी एक गोष्ट केली. गल्ल्यातून दोनाच्या दोन नोटा काढल्या, लघवीला जाऊन येतो म्हणालो आणि तंबूत शिरलो. अर्धाच सिनेमा पाहिला. भीतीनं पुढचा पाहवला नाही. परत आलो तेव्हा अब्बा एका म्हातारीच्या हातात चुडा भरत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काही बोलले नाहीत. रात्री हिशेब केला, तेव्हाही काही बोलले नाहीत. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोड करणारी एक बाई आली. जवळच त्यांच्या कोप्या होत्या. या लोकांची पद्धत अशी, की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन जिवंत माणसं, पण मुकादमाच्या वहीत ती एका हत्याराच्या नावानं मोजली जातात. दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन गाव सोडायचं आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचं. बाईचे दोन्ही हात मोकळे. उसाच्या पात्यानं चिरलेले. तोडणीत काचेच्या बांगड्या टिकत नाहीत. तिनं हिरव्या बांगड्या हातात घेतल्या, भाव विचारला, खाली ठेवल्या. थोडी पुढं गेली, परत आली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा अब्बा म्हणाले, “बस ताई, हात दे.”

“पैसं न्हाईत, दादा.”

“पुढल्या साली दे.”

त्यांनी दोन्ही हातांत भरून बांगड्या घातल्या. एक घालताना वाढवली, तिच्या जागी दुसरी घातली. बांगडी आमच्याकडं फुटत नाही, वाढते. बाईनं वाकून नमस्कार केला. चुडा भरणाऱ्याला नमस्कार करायचा हा रिवाज. ती गेल्यावर मी हिशेबी पोराच्या अकलेनं म्हणालो, “अब्बा, मुकादम नेईल तिकडं जाणार ती. पुढच्या साली कुठली येते?”

अब्बा पेटी लावत होते. मान वर न करता आमच्या दखनीत म्हणाले, “तू रातकू सिनेमा देख्या ना? उसकूबी जत्रा होना की नै?”

एवढंच. ना रागावले, ना हात उगारला. माझी चोरी त्यांनी त्या बाईच्या बांगड्यांशेजारी नेऊन ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

त्या वर्षीच्या डिसेंबरनंतर, पुढच्या चैत्रात जत्रेला जावं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. अम्मी नको म्हणाली. अब्बा गेले. संध्याकाळी पेट्या अर्ध्या रिकाम्या करून परत आले. “काय झालं?” अम्मीनं विचारलं. अब्बा म्हणाले, “बायकांनी हात पुढं केले, मी भरले.”

हे सगळं आठवत मी न्हावरं ओलांडलं. आता या भागात पैसा आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नगर रस्त्याला रांजणगावची औद्योगिक वसाहत, सोलापूर रस्त्याला कुरकुंभची. जमिनींना भाव आले. कुणाचं घर उभं राहिलं, कुणाचं पोर इंजिनीयर झालं, कुणाची जमीन गाडीत आणि गाडी धाब्यावर गेली. मी स्वतः शाळेत मास्तर झालो, दरमहा पगार घेतो. गरिबीला चांगलं म्हणणारे लोक बहुधा तिच्यात राहिलेले नसतात.

पण रस्त्यानं एक नवीन गोष्ट दिसते. उंच भिंत, वर काचा किंवा तारा, लोखंडी फाटक आणि आत शहरातल्या कुणाचं तरी फार्महाऊस. भिंतीवरून मोहरलेला आंबा डोकावतो. बाहेर पाटी : ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. फाटकावर खुर्ची टाकून बसलेला राखणदार बहुतेक वेळा त्याच गावचा असतो. कदाचित ती जमीन त्याच्याच चुलत्याची असेल. एका भिंतीआड मला पूर्ण फुललेला पळस दिसला आणि वाटलं, हा पळस काल-परवापर्यंत सगळ्या वाटसरूंचा होता.

पारगावजवळ भीमेच्या पुलाअलीकडं एक ट्रॅक्टर थांबला होता. मागं दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, पत्रे, सरपण, शेळी, कोंबड्या आणि माणसं. हंगाम संपवून गावाकडं निघालेली ऊसतोडीची टोळी. ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर, त्यांवर गाणं इतकं दणदणीत, की पुलाचा कठडा थरथरत होता. आपल्याला वसंत म्हणजे मोहोर आणि कोकिळा. या लोकांना तो घरी परतण्याचा महिना. गाणं त्याचंच होतं. एक बारा-तेरा वर्षांची मुलगी ट्रॉलीत उभी राहून त्या गाण्यावर हातवारे करत होती आणि तिचा भाऊ मोबाईलवर रील काढत होता. मागं करंजाची नवी पालवी. आमच्यासारखे मास्तर या रीलांना नावं ठेवतात, मीही वर्गात ठेवतो. पण तिथं उभं राहून मला ते जमेना. सहा महिने जी वहीत नव्हती, कोयत्याच्या हिशेबातही नव्हती, ती पोरगी स्वतःला कुठंतरी नोंदवून ठेवत होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या बांगड्या होत्या. ऊस तोडताना त्या वाढत नाहीत.

पुढं चौफुला. इथली कलाकेंद्रं प्रसिद्ध आहेत. कमानींवर लावणीच्या पार्ट्यांच्या पाट्या. रोजाच्या दिवशी नजर खाली करून पुढं निघावं हे खरं, पण मला इथं दरवेळी सगनभाऊ आठवतो. पेशवाईच्या उतरत्या काळातला हा शाहीर जेजुरीचा, मुसलमान, धंद्यानं शिकलगार. हत्यारांना धार लावता लावता त्यानं मराठी लावणीलाही धार लावली. लावणीवर दौलतजादा व्हायचा, आजही होतो. उधळणाऱ्याचं नाव गाजतं आणि पायांत चाळ बांधणारी मात्र थकली, की कुठं जाते ते कुणी विचारत नाही. गाणं सगळ्यांचं असतं, पण त्याच्या पैशाचा हिस्सा सगळ्यांना मिळत नाही.

आपल्यातले काही लोक म्हणतात, वसंत वगैरे आपलं नव्हे. मला ते पटत नाही. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आजही बसंत साजरी होते. भाचा वारल्यावर हजरत दुःखात बुडाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यावं म्हणून अमीर खुस्रो पिवळे कपडे घालून, मोहरीची फुलं घेऊन गात आले, अशी कथा सांगतात. आणि इकडं दख्खनेत गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहानं बसंतावर दखनीत कविता लिहिल्या, अब्बा जी बोलत तिच्याच जुन्या रूपात. बादशहाला बहार होती तशीच फकिराच्या दारातही होती. मणेराला मात्र ती बघायला सवड नव्हती. माझं दुखणं तेवढंच आहे.

पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सगळी माणसं भागीदार आहेत, अशा अर्थाची एक हदीस आहे. लहानपणी मौलवीसाहेबांनी ती सांगितली तेव्हा मला अग्नीचं नवल वाटलं होतं. विस्तव कसा वाटायचा? आता वाटतं, पळसही तसाच नाही का? एकानं पाहिला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. तो कमी होतो भिंत घातल्यावर, आणि ज्याला मान वर करायची फुरसत नाही त्याच्यापुरता.

फितऱ्याचंही तेच आहे. जकात मालमत्तेवर असते, तिचं गणित वेगळं. फितरा माणसामागं असतो, तान्ह्या बाळाचाही द्यायचा. गव्हाच्या ठरावीक मापाची किंमत, आणि तीही ईदच्या नमाजाआधी पोचवायची. का? तर त्या दिवशी गरिबाच्या घरीही ईद व्हावी. पोट भरण्यापुरती मदत वर्षभर कधीही करता येते. फितरा पोचवायचा तो आनंदाच्या दिवशी. गरिबाला भाकरीबरोबर खुशीचाही हक्क आहे, हे यात धरलेलं आहे. अब्बांनी त्या बाईला दिलं ते असंच काहीतरी होतं. तिला त्या दिवशी बांगड्यांची गरज नव्हती, असं कुणीही हिशेबी माणूस म्हणेल. मी म्हणालोच होतो.

दौंडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनवर गाडीची घोषणा चालू होती, रेल्वे कॉलनीच्या झाडांवर कोकिळा जीव तोडून ओरडत होती. संध्याकाळी मगरिबला आपानं खजूर पुढं केला. शेजारच्या काकूंनी पाडव्याची गाठी पाठवली होती, तिचा तुकडा बशीत ठेवला. छतावर पोरांचा गलका झाला : चाँद दिसला. रोजाची शेवटची इफ्तारी खजूर आणि साखरेच्या गाठीवर झाली.

मग मी पाकीट आपाच्या हातात दिलं. तिनं पैसे मोजले आणि नेहमीसारखं विचारलं, “यात चार रुपये जास्त कसले रे दरवर्षी?”

मी म्हणालो, “राहू दे. अब्बांचं देणं आहे.”

तिला वाटतं, अब्बांनी कुणाकडून तरी घेतले असतील.