किल्लीचा हुकूम

परवा शेजारच्या बांधकामावर वाळू टाकून निघालेल्या मालमोटारीच्या चालकाने किल्ली फिरवली, तेव्हा इंजिनाच्या पोटातून ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेवढेच. ‘‘सेल्फचा स्विच गेला, नवा पाठवा,’’ असे त्याने फोनवर कोणाला तरी कळवले आणि तो सावलीत जाऊन बसला. निकाल इतक्या झटपट लागलेला पाहून मी अस्वस्थ झालो, कारण हाच आवाज मी लहानपणी एका अपरात्री कऱ्हाडास ऐकला होता आणि त्याची रीतसर चौकशी होतानाही पाहिली होती.

माझे वडील, आबा, यांच्या गाडीने कोल्हापूरचा गूळ मुंबईच्या पेठेत जाई, आणि हंगामात शाळेला सुट्टी असली की मीही केबिनमध्ये बसून जात असे. त्या फेरीत चहासाठी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईना, तेव्हा झोपेतून उठवून आणलेले मिस्त्री गाडीखाली न शिरता केबिनच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मालक, आधी मोठे दिवे लावा, मग किल्ली मारा.’’ दिवे यत्किंचितही मंदावले नाहीत. बॅटरी दुर्बळ असती किंवा सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवणारी, मोटर जाम झाली असती, तर त्याच क्षणी प्रकाश खाली बसला असता. एका ‘टक्’ऐवजी अखंड कटकट ऐकू आली असती, तर बॅटरीच्या टोकांवरील गंज किंवा सैल अर्थिंग यांचा संशय घ्यावा लागला असता. येथे प्रकाश जसाच्या तसा आणि आवाज एकच, म्हणजे प्रवाह सेल्फवरील सोलेनॉइड नावाच्या स्विचापर्यंत येऊन तेथेच अडला होता.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेट घेते, आणि म्हणून ते अवजड यंत्र प्रथम फिरवावयास शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो, जो किल्लीच्या नाजूक स्विचातून नेला तर तो स्विचच जळून जाईल. किल्ली मामलेदारासारखी केवळ हुकूम सोडते. त्याची अंमलबजावणी करणारा कोतवाल म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेले हे सोलेनॉइड. त्यातील एक वेटोळे लोखंडी दांडा आत ओढते व दुसरे त्यास धरून ठेवते. दांडा एका अंगाने पिनियन या दातेरी चाकाला फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि दुसऱ्या अंगाने तांब्याची टिकली दोन जाड बोल्टांवर दाबतो, म्हणजे मोटरीचा मार्ग मोकळा होतो. वेटोळ्याची ही ओढ विजेच्या चुंबकत्वाची: १८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेडने विद्युत्प्रवाहाने होकायंत्राची सुई हलताना पाहिली आणि १८२५ साली इंग्लंडात स्टर्जनने लोखंडी नालेभोवती तार गुंडाळून विद्युच्चुंबक सिद्ध केला, यातले कोणतेही नाव त्या रात्री तेथे कोणास ठाऊक नव्हते.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार सोडवली, सोलेनॉइड उतरवले, टोपणावरील कथलाचे डाग वितळवून ते उघडले, आणि जळक्या वार्निशाचा व ग्रीसचा वास आला. टिकलीची एक बाजू काळी पडून खड्ड्यांनी भरली होती, दुसरी मात्र नव्यासारखी होती. त्यांनी ती उलटी बसवली, बोल्टही अर्ध्या फेऱ्याने फिरवून त्यांची न झिजलेली कड पुढे आणली, सगळे पॉलिश पेपरने पुसले आणि डाग पुन्हा भरले. किल्लीसरशी इंजिन गरजले. ज्या वस्तूची एकच बाजू खर्ची पडली आहे तिला बाद ठरवू नये, असे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. ते त्यांच्या हातांतच होते, आणि ती उलटलेली टिकली माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

आज पुष्कळ सोलेनॉइडांची टोपणे दाबून कायमची बंद केलेली असतात, आणि याचा मला राग येतो. वेटोळे जळाले असेल तर नवे सोलेनॉइड घेणे प्राप्तच आहे. परंतु इंजिन व चासी यांमधील अर्थिंगची पट्टी सैल असताना निर्दोष भागाला चौकशीवाचून बडतर्फ केले जाते, तेव्हा तो अन्याय मला माणसावरील अन्यायाइतकाच लागतो.

मिस्त्रींचे काम चालू असता आबा टिकली तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत होते. त्यांचे उजवे मनगट वाकडे होते. तरुणपणी दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीवर नोकरीस असता बॅटरी उतरली की हँडल मारावे लागे, आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवण्याची सक्त ताकीद असूनही एकदा इंजिनाने उलटा झटका दिला, तेव्हा ते मोडले. अमेरिकेत केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला होता, पण आमच्याकडच्या चालकांची मनगटे त्यानंतरही कित्येक वर्षे मोडतच राहिली. थंडीत आबांना त्या हाताने कपही धरवत नसे, आणि आई काही न बोलता तो त्यांच्या डाव्या हातात देई.

त्या मनगटाची आठवण झाली की मला आजचे किन्नर, म्हणजे चालकांचे मदतनीस, दिसतात. सेल्फ उचलत नाही म्हटल्याबरोबर एखाद्या पोरसवदा मुलाला पाना देऊन गाडीखाली धाडले जाते; बॅटरीकडचा जाड बोल्ट आणि सोलेनॉइडाचे किल्लीकडून येणारे छोटे टोक यांना पाना आडवा लावला तर किल्लीच्या हुकुमावाचूनही इंजिन फिरते, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच्याच अंगावर चालून जाते. मालकांनो, चालकांनो, गिअर न्यूट्रलला आहे हे स्वतः पाहा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड लावा, दिव्यांची परीक्षा आधी करा, आणि त्या मुलाला पाना देऊन गाडीखाली धाडूच नका.