रेषेवरची टाच

प्रिय बाळा,


यंदा गावच्या संघाची कप्तानी तुझ्याकडे आली, हे ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. भातकापणी उरकून खाचरांवर रोलर फिरला की इकडे किन्हवली-डोळखांबपासून तिकडे सरळगाव-धसईपर्यंत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांना नुसता ऊत येतो. त्याआधी तुला हे पत्र मिळावं म्हणून घाईने लिहितोय.

आपल्या खेळात प्रामाणिकपणाची कसोटी जरा जास्तच लागते. लेदरच्या चेंडूला बॅटची कड लागली की आवाज होतो. टेनिसच्या चेंडूचा जवळजवळ होतच नाही, त्यात भोंग्यावर समालोचन चालू. अंपायरला काय कळणार? फलंदाजाच्या हाताला मात्र बरोबर कळतं. सीमारेषेवर झेल घेताना टाच चुन्याला लागली का, हेही त्या पोरालाच ठाऊक. बुटाचा चुना गवतावर पुसून ‘नाही लागली’ म्हणून छातीठोक सांगणारे मी पाहिलेत. हा रडीचा डाव, बाळा, आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

ज्या खेळातून हा चेंडू आपल्याकडे आला, त्या टेनिसमध्ये पंच नसेल तर आपल्या बाजूच्या रेषेचा निकाल खेळाडूच देतो. आणि शंका असली तर चेंडू आत धरायचा, म्हणजे फायदा समोरच्याचा. ही रीत आपण उचलायला हवी.

क्रिकेटमध्येही असं वागणारे होऊन गेलेत. 1980 साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत गुंडाप्पा विश्वनाथ भारताचा कर्णधार होता. इंग्लंडचे 5 गडी 58 धावांत गेलेले. पुढे बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलेला नाही अशी विश्वनाथची खात्री होती, म्हणून त्याने टेलरला परत बोलावलं. बोथम आणि टेलरने 171 धावांची भागी केली आणि आपण 10 गड्यांनी हरलो. त्या सामन्यातली आपल्या बाजूची सगळ्यात मोठी कामगिरी मी तीच मानतो.

शिवाय आपल्या या भागात सोयरीक गावोगाव. बांधावर ज्याच्याशी हमरीतुमरी केलीस, तो म्हशाच्या जत्रेत नाहीतर कुणाच्या हळदीत समोर येणारच. आणि दुसऱ्याच्या आधार कार्डावर बाहेरचा बॉलर खेळवू नकोस. त्यापायी गावातला एक पोरगा वर्षभर सराव करून बाहेर बसतो.

पहिल्या सामन्याआधी सगळ्यांना एकत्र बसव आणि ठरवून घ्या: कट लागला तर अंपायरकडे न बघता चालू पडायचं, टाच रेषेला लागली तर आपणच दोन्ही हात वर करून षटकार द्यायचा. सरावाच्या मॅचपासूनच सुरुवात करा, कारण तिथे अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असतो. धसईच्या सामन्याला मी येतोय, ताईला सांग.

तुझा,
मामा
शहापूर