बँकॉकला जाताना : नगरच्या अकरा जणांचा अनुभव

यंदाच्या जानेवारीत आमच्या वस्तीतील अकरा जण बँकॉकला जाऊन आलो. सहा महिला आणि पाच पुरुष. त्यात एस. टी. तून निवृत्त झालेले एक चालक होते, एम. आय. डी. सी. तील दोन कामगार होते, अंगणवाडीत काम करणाऱ्या दोघी भगिनी होत्या आणि आम्ही स्वतः कारकून. दोन वर्षे प्रत्येकाने दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली, तेव्हा कुठे विमानाचे तिकीट हातात पडले. परत आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारते, "कसं जायचं? काय बघायचं? आम्हाला जमेल का?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सर्वांसाठी लिहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बँकॉकच का, असेही काहींनी विचारले. पूज्य बाबासाहेब 1950 साली कोलंबोला गेले, 1954 साली रंगूनला आणि 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूला. तिन्ही वेळा निमित्त होते जागतिक बौद्ध परिषदेचे. ज्या संस्थेने या परिषदा भरवल्या तिचे मुख्य कार्यालय आज बँकॉकमध्ये आहे. शिवाय 2023 साली थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी चालत आले होते. ते आपल्या दारी येऊन गेले, आपणही त्यांचा देश पाहावा, असे तेव्हापासून मनात होते.

आणखी एक काम होते. आमच्या विहारासाठी अडीच फुटांची बुद्धमूर्ती आणायची, असे ठरले होते. त्यासाठी वस्तीने वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनीही त्यात पैसे घातले. ती रक्कम आमच्याकडे सोपवली होती. तिचे काय झाले ते पुढे सांगतो.

आधी तयारीविषयी. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. आधार कार्ड आणि शाळेचा दाखला यांवरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी अडते, म्हणून ते काम वर्षभर आधी करून घ्यावे. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावर न राहता निघण्यापूर्वी थायलंडच्या वकिलातीची माहिती पाहावी. 1 मे 2025 पासून तिथे उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आपली माहिती आधी इंटरनेटवर भरावी लागते. ते विनामूल्य आहे. त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिलमध्ये तिथे फार उकडते. 13 ते 15 एप्रिल त्यांचा नववर्षाचा पाण्याचा सण असतो आणि सारे शहर रस्त्यावर येते. तेव्हा आपल्याकडे जयंतीची धामधूम असल्याने आपले कोणी जाणारही नाही म्हणा!

मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत बँकॉक येते. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. सम्राट अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर हे थेर सुवर्णभूमीला धम्म घेऊन गेले, अशी परंपरा आहे. ते नाव पाटीवर दिसले तेव्हा आमच्यातील एका आक्कांनी तिथेच हात जोडले. मात्र या शहराला दोन विमानतळ आहेत. दुसऱ्याचे नाव डॉन मुआंग. परतीच्या तिकिटावर कोणते आहे ते नीट पाहावे.

सुवर्णभूमीवरून शहरात यायला रेल्वे आहे. ती फाया थाई स्थानकापर्यंत येते. तिथून उंचावरून धावणारी रेल्वे मिळते. टॅक्सीपेक्षा हे स्वस्त पडते आणि रस्त्यावरच्या गर्दीत अडकायला होत नाही. ती गर्दी म्हणजे आपला कापड बाजार दिवाळीच्या आदल्या दिवशी असतो तशी, आणि रोजचीच. मात्र रेल्वेत चढताना कोणी धक्काबुक्की करीत नाही. रांग लावतात, आधी उतरणाऱ्याला वाट देतात. आमच्या चालक बंधूंनी कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत असं एकदा तरी बघायला मिळायला हवं होतं."

जुन्या शहरासाठी चाओ फ्राया नदीतील बोट उत्तम. राजवाडा, वाट फो आणि पलीकडच्या काठावरील वाट अरुण ही तिन्ही ठिकाणे नदीलगतच आहेत. वाट म्हणजे विहार. वाट फो येथील पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती 46 मीटर लांब आहे. वाट त्राइमित येथील मूर्ती सोन्याची असून तिचे वजन सुमारे साडेपाच टन आहे. तिच्यावर चुन्याचा लेप होता. 1955 साली हलवताना तो फुटला आणि आतले सोने दिसले. तोवर ती साधी मूर्ती म्हणूनच ओळखली जात होती.

राजवाड्याचे तिकीट माणशी 500 बाट, म्हणजे आपल्या खिशाला जडच. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाहेर एखादा गोड बोलणारा माणूस भेटतो आणि सांगतो, "आज वाडा बंद आहे, चला, दुसरे विहार दाखवतो." तो रिक्षात घालून रत्नांच्या दुकानात नेतो. ही जुनी फसवणूक आहे. सरळ दरवाजापर्यंत जाऊन स्वतः पाहावे.

पाचूच्या बुद्धांचे विहार याच वाड्याच्या आवारात आहे. मूर्ती हिरव्या दगडाची असून ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रे बदलतात. पण भोवतालच्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत आणि शहरात एका मोठ्या चौकात चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे गर्दी लोटलेली असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे पाहून धक्का बसतो. आमच्यातही रात्री यावरून वाद झाला. शेवटी एकमत झाले ते असे, की प्रत्येक देशातील धम्माला त्या त्या देशाचा इतिहास चिकटलेला असतो. त्यांच्याकडून शिस्त, दान आणि भिक्खूंविषयीचा आदर घ्यावा. बाकीचे पाहावे आणि तिथेच सोडून यावे. पाहुण्याने यजमानाच्या घरात भांडू नये.

काही रीती मात्र पाळल्याच पाहिजेत. महिलांनी भिक्खूंना स्पर्श करू नये किंवा वस्तू थेट त्यांच्या हातात देऊ नये. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. कोणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावू नये. राजाविषयी थट्टेतही बोलू नये, कायदा फार कडक आहे. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले की जिथे असाल तिथे उभे राहावे. पहाटे उठून भिक्खूंचा भिक्षाटनाचा फेरा जरूर पाहावा. भिक्षा घेऊन भिक्खू पालीत आशीर्वाद देऊ लागले तेव्हा त्यातले ओळखीचे शब्द ऐकून आमचे डोळे भरून आले.

जेवणात जवळजवळ सगळीकडे माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे असलेली गाडी शोधावी. फाहुरात भागात गुरुद्वारा आहे, तिथे लंगरमध्ये पोळी-भाजी मिळते. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती. पांढऱ्या भाताबरोबर तिने पाच दिवस तारले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणचा पत्ता थाई लिपीत लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात असावे. बोटीच्या धक्क्यावर त्याच आक्का मागे राहिल्या. आम्ही तासभर वेड्यासारखे शोधत होतो. परत मुक्कामी आलो तर त्या दारात बसलेल्या. एका मुलीने कार्ड वाचून त्यांना आणून सोडले होते. "आक्का, भ्याला नाहीत का?" असे विचारले तर म्हणाल्या, "भ्यायचं काय? तिनं हात जोडले, मी जयभीम केला. झाली वळख."

आता मूर्तीविषयी. वाट सुथातजवळ बामरुंग मुआंग रस्त्यावर दुतर्फा मूर्तींची दुकाने आहेत. तिथे बुद्धमूर्ती 'विकत घेतली' असे म्हणत नाहीत, 'भाड्याने घेतली' म्हणतात. एक मूर्ती सर्वांना पसंत पडली. दुकानदार म्हणाला, कागदपत्र काही लागत नाही. आमचे मन मानेना. जवळच भारतात शिकलेले, हिंदी बोलणारे एक भन्ते भेटले. त्यांनी सांगितले की गळ्यातली लहान प्रतिमा सोडली तर बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाची परवानगी लागते. मूर्तीचे फोटो आणि पासपोर्टची प्रत देऊन अर्ज करायचा आणि काही दिवस थांबायचे. आमच्या हातात दोनच दिवस होते. विनापरवाना नेताना विमानतळावर मूर्ती जप्त झाली असती, तर वस्तीला काय तोंड दाखवले असते?

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. विहारातील सभेत एक तरुण उभा राहून म्हणाला, "मग गेला कशाला? फिरायला?" शब्द लागले, पण वर्गणीच्या पैशाविषयी विचारायचा त्याला हक्क होता. आम्ही सर्व हिशेब वाचून दाखवला. रुपयांचे बाट आणि बाटांचे पुन्हा रुपये करताना जी घट आली होती, ती आम्ही अकरा जणांनी आपसात भरून काढली होती. रक्कम पैसान्‌पैसा परत जमा केली. तो हिशेब आजही विहाराच्या फळ्यावर लावलेला आहे. मग त्याच तरुणाने पुढच्या तुकडीत आपले नाव लिहिले.

म्हणून जाणाऱ्यांना एवढेच सांगणे. मूर्ती आणायची असेल तर पहिल्याच दिवशी दुकान गाठा, अर्ज करा आणि मगच शहर पाहायला निघा. आमच्या विहारातील जागा अजून रिकामी आहे. पुढच्या तुकडीची भिशी गेल्या पौर्णिमेपासून सुरू झाली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!