लेमन तूर आणि इतर टिपणे

नवी तूर यायला लागली की उमरग्याच्या मोंढ्यात दोन भाव विचारले जातात. एक लातूरचा, दुसरा चेन्नईच्या 'लेमन'चा. लेमन म्हणजे बर्माची तूर. ती लातूरच्या डाळमिलवाल्याला स्वस्तात पडली की इथला सौदा ढिला होतो. आडतीच्या गादीवर बसलेला माणूस रंगूनला कधी गेलेला नसतो, पण रंगूनची हवा त्याला फोनवर कळते. परराष्ट्र धोरणाचा याहून नियमित वाचक मला तरी माहीत नाही.

*

बर्मात तूर आणि उडीद पिकतात ते मुख्यतः आपल्यासाठी. तिथल्या ताटात त्यांना फारशी जागा नाही. 1 फेब्रुवारी 2021 रोजी तिथे लष्कराने सत्ता घेतली. त्या राजवटीशी बोलावे की नाही, याचा काथ्याकूट जगभर चालू असताना जूनमध्ये भारताने कागद करून टाकला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर, 2025-26 पर्यंत. त्याआधी महिनाभर, मे 2021 मध्ये, तुरीची आयात खुली झाली होती. ती मुदत पुढे वर्षामागून वर्ष वाढत गेली. शहरातल्या वरणाचा विचार केला तर यात गैर काही नाही. पण जूनमध्ये तिफण धरणाऱ्याने जानेवारीतला दरवाजा उघडा की बंद, हे कुणाला विचारायचे?

*

आशियाच्या अभ्यासासाठी पैसे नाहीत असे नाही. होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरची जेफरसन फेलोशिप 1967 पासून पत्रकारांना आशिया-पॅसिफिकमध्ये फिरवते. जपानी पैशावरची आबे फेलोशिप 1991 ची, पण ती मुख्यतः अमेरिकी आणि जपानी नागरिकांसाठी. दिल्लीत सप्रू हाऊस आहे, तिथली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स 1943 पासूनची. सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला अनुदान देणारी आयसीएसएसआर 1969 ची. तिचे पहिले अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ. जाहिरातींत विषय ओळखीचे असतात: हिंद-प्रशांत, सागरी सुरक्षा, पुरवठा साखळी. साखळीचे शेवटचे टोक उमरगा-मुरूमकडे येते, याचा मात्र त्यात पत्ता नसतो. आणि तालुक्याच्या बातमीदाराने इंग्रजीत प्रस्ताव लिहून संपादकाचे शिफारसपत्र आणायचे म्हणजे काय, हे ज्याला शब्दांवर आणि जाहिरातींच्या कमिशनवर जगावे लागते त्याला विचारावे.

*

मराठीतली सर्वांत चांगली आशिया-फेलोशिप माझ्या मते 1908 च्या सुमाराची आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून बुद्धाच्या शोधात सिलोन आणि ब्रह्मदेश हिंडले, पाली शिकले आणि कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केले ते असे: महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहा, बडोदे सरकार दरमहा 50 रुपये देईल, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कोसंबी अधिक पगाराची नोकरी सोडून पुण्याला आले.

अटी पुन्हा वाचाव्यात. आपल्या मुलखात राहा, आणि लिहा. प्रगती अहवाल नाही, परिसंवादातली हजेरी नाही. शिकायला माणूस सिलोनला आधीच जाऊन आला होता, तेही पदरमोड आणि भिक्षेवर. दरबाराने पैसे दिले ते परत आल्यानंतरच्या कामाला. आज नेमके उलटे आहे: जाण्याचे तिकीट मिळते, परतल्यावर बसून लिहायचे महिने ज्याचे त्याने बघायचे.

*

उमरगा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यानेही आशियाच्या अभ्यासाला खर्च केला होता. शिक्षण खात्याचे प्रमुख सय्यद रॉस मसूद, सर सय्यद अहमद खानांचे नातू, 1922 मध्ये जपानला गेले. जपानी शिक्षणपद्धतीवरचा त्यांचा जाडजूड अहवाल 1923 मध्ये निघाला. जपानने पाश्चात्त्य विद्या स्वतःच्या भाषेत आणली, हे हैदराबादला भावले. उर्दूतून शिकवणारे उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्येच उभे राहिले होते. धडा उत्तम होता. फक्त मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या प्रजेने तो उर्दूतून गिरवायचा होता. ज्या मीर उस्मान अलींच्या नावाचे विद्यापीठ, त्यांच्याच नावाचा आपला जिल्हा होता. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले. जपानचा तो धडा इथल्या कुणी मराठीत आणल्याचे माझ्या वाचनात नाही.

*

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सरकारी अनुदानावर नाही. सुभाषबाबूंनी आवाहन केले, देशभर वर्गणी निघाली, सुमारे 22 हजार रुपये जमले. पाच डॉक्टर गेले, त्यांत नागपूरचे चोळकरही. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारले, वय 32. त्यांची गोष्ट घरोघर पोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकाराच्या पुस्तकाने, आणि त्यावरून शांतारामबापूंनी 1946 मध्ये काढलेल्या चित्रपटाने.

*

सोयाबीनचेही तुरीसारखेच: त्याचा भाव बाहेरून येणाऱ्या तेलावर हलतो. एप्रिल 2022 अखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि 23 मे रोजी पुन्हा सुरू केली. भज्यांच्या गाड्यावाल्यालाही तेव्हा जाकार्ताचा हिसका बसला. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आणि बाजार त्याच्या खाली. त्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढवले, आणि मे 2025 अखेर, पेरणीच्या तोंडावर, निम्म्यावर आणले.

*

कुणी विचारलेच तर प्रस्ताव तयार आहे. विषय: एक क्विंटल तुरीचा भाव कुठे ठरतो. मुक्काम: उमरगा, लातूर, चेन्नई, जमल्यास रंगून. तिथे पत्रकार तुरुंगात जातात, म्हणून चेन्नईच्या आयातदारांपासून सुरुवात बरी. प्रश्न असे: रंगूनच्या गोदामात माल कोण दाबून ठेवतो; जानेवारी 2024 मध्ये रुपया-क्यात थेट व्यवहाराची सोय झाली, तिने डॉलरचा फेरा खरेच चुकला का; आयातीची मुदत वाढल्याची बातमी गादीवर आधी पोचते की शेतावर. खर्च: एसटी, रेल्वे, दुभाषा आणि लिहायला तीन महिने. शेवटची बाब थोडी वेगळी: वृत्तान्त छापण्याआधी तो मोंढ्यात मोठ्याने वाचायचा. हमाल, आडते, शेतकरी सगळे बसतील. चहापाणी धरावे लागेल, आणि आकडा चुकला तर तिथल्या तिथे पकडणारे दहाजण असतील, त्यामुळे वेगळ्या तज्ज्ञ परीक्षकाचे मानधन धरलेले नाही.