वाकोल्याची गल्ली आणि माझी उंच गाडी

लग्न होऊन मी २००३ साली वाकोल्यात आले, पण वाकोला खरं कळलं ते गाडी घेतल्यावर. स्कूटर नव्हे हं. स्कूटर माझ्याकडे होतीच, भाजीला आणि मुलीला क्लासला सोडायला. मी म्हणते ती मोटारसायकल. तीही डांबरावर आणि दगडाधोंड्यांत, दोन्हीकडे चालेल अशी. तुम्ही म्हणाल, चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ! आमच्या सासूबाईही अगदी हेच म्हणाल्या.

खूळ नव्हतं. माझी आई जव्हारच्या पुढे एका लहानशा गावात एकटी राहते. वडील तिकडे आश्रमशाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी तिथंच दोन खोल्या बांधल्या, आणि ते गेल्यावरही आई तिथून हलायला तयार नाही. एस.टी. फाट्यापर्यंत जाते. पुढे सहा किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये एक ओहोळ. उन्हाळ्यात जीप मिळते, पावसाळ्यात जीपवाले हात वर करतात. एकदा हट्टानं स्कूटर तिकडे नेली, तर एका दगडावर तिचं पोट असं काही खरवडलं की माझ्याच पोटात गोळा आला. ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा ह्यांनी गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता.

अशात २०२४ मध्ये भाच्याला बंगलोरला नोकरी लागली आणि त्यानं आपली हीरो एक्सपल्स विकायला काढली. या जातीच्या गाड्या पूर्वी आपल्या आवाक्यातल्या नव्हत्याच. हीरोनं २०११ मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सी.सी.ची काढली होती, ती पुढे बंद झाली. मग २०१९ मध्ये ही दोनशे सी.सी.ची एक्सपल्स आली, तेव्हा शोरूमची किंमत लाखाच्या आसपास होती. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, दोन्ही तारांची. जमिनीपासून पोट २२० मिलिमीटर वर, म्हणजे जवळजवळ वीतभर. "मामी, तुझ्या गावच्या रस्त्याला हीच," भाचा म्हणाला. घरातल्या माणसाकडून घेतली तरी कागद मात्र मी चोख केले. आर.सी.वर नाव बदलण्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज, विमा आपल्या नावावर, पी.यू.सी. चालू. आणि स्कूटरचं बिनगिअरचं लायसन या गाडीला चालत नाही, बरं का! पुन्हा शिकाऊ लायसन, तीस दिवसांची वाट आणि अंधेरीच्या आर.टी.ओ.त परीक्षा.

आता खरी पंचाईत उंचीची. सीट साडेबत्तीस इंचांच्या घरात आणि माझ्या सलवारीचं आतलं माप अठ्ठावीस. दोन्ही पाय एकदम टेकणं नशिबातच नाही. हायवेलगतच्या सीटवाल्याकडून फोम थोडा तासून घेतला, ब्लाउजच्या शिवणी सोडवतो तसं. जाड तळव्याचे बूट घेतले. आणि थांबताना उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, असं वळण लावून घेतलं. रविवारी सकाळी सहा वाजता बी.के.सी.च्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर मी फेऱ्या मारायची आणि हे फुटपाथवर थर्मास घेऊन बसायचे.

पण बी.के.सी. वेगळं आणि वाकोला वेगळं. ज्यांनी वाकोला पाहिलं नाही त्यांना सांगते, इथं चार गावं एकात एक बसलेली आहेत. जुनं गावठाण, ईस्ट इंडियनांची कौलारू घरं, क्रूस आणि सेंट अँथनीचं चर्च. पलीकडे मशिदीचा परिसर. मध्ये दत्त मंदिर रोडची बाजाराची गर्दी. आणि पाण्याच्या जाड पाइपलाइनीच्या कडेनं दाटलेली वस्ती. एका अंगाला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे गरजतो, डोक्यावर विमानं, आणि तळाशी मिठी नदीला मिळणारा वाकोला नाला. रिक्षा, हातगाड्या, शाळेची मुलं, सगळी एकाच वेळी एकाच गल्लीत.

तिथंच माझी गाडी पडली. चर्चच्या अलीकडे, एका रिक्षेला वाट देताना, उभ्या उभ्या. दीडशे किलोचं धूड म्हणजे तांदळाची तीन पोती. पुढे धावली ती गावठाणातली एक म्हातारी आंटी. म्हणाली, "अगं, कमरेत वाकून नको उचलू, बाळंतपणं झालीत ना तुझी?" मग गॅरेजवाल्या चाचांनी रीत दाखवली. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढायचा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळत नाही. मग गाडीकडे पाठ करायची, गुडघ्यांत बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कड्याला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. पाण्याचा पिंप सरकवताना आपण पाठ लावतोच की नाही, तसंच.

चाचा आझमगढचे, पण चाळीस वर्षं वाकोल्यात. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "ताई, गाडी अच्छी है, पर चेन रोज की रोटी माँगती है." मी मान डोलावली आणि विसरले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, सर्व्हिसिंगला टाकली की झालं.

त्या विसरण्याची किंमत जून महिन्यात मोजली. मनोरपर्यंत सगळं छान. विक्रमगड सोडलं आणि चढावर कडकड आवाज सुरू झाला. मला वाटलं, खडी उडते आहे. दोन किलोमीटरवर चेन उतरली आणि दातेरी चाकाशी अशी अडकली की मागचं चाक फिरेना. गाडी आडवी नाही झाली हे दैव. एका टेम्पोवाल्यानं गाडी चढवून मला विक्रमगडला परत आणलं. तिथं चेन काढून, सरळ करून बसवेपर्यंत अंधार झाला. आईच्या गावात फोनची रेंज नाही. मी येणार हे तिला ठाऊक, आले नाही हे कसं कळवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तर ती पडवीत बसलेली होती. कंदील बाजूला, विझलेला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय, ऊन करते." त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मी सरळ चाचांपुढे मोडा ओढून बसले. चेन आणि दातेरी चाकांचा अख्खा सेट बदलावा लागला, आणि ते पैसे मी भिशीच्या पैशांतून दिले, कारण चूक माझी होती.

आता दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसातून आल्यावर हमखास, मी चेनीला बसते. इंजिन बंद ठेवून चाक हातानं फिरवायचं; चालू इंजिनावर चेन पुसायला जाऊन बोटं गमावलेली माणसं चाचांच्या ओळखीची आहेत. पूर्वी लोक रॉकेल वापरत. आता मुंबईत रॉकेल कुठं शोधणार? चेन क्लीनरचा डबा मिळतो. पेट्रोल मात्र नको. जुन्या मऊ ब्रशनं घासायचं, कोरडी पुसायची, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब. जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटून चटणीच वाटली जाते. चेन बोटानं वर-खाली केली तर इंचभर हलावी. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत.

तारांचं तर मला वेडच लागलंय. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशी प्रत्येक तारेवर पान्यानं हलकी टिचकी मारायची. घट्ट तार टिंग वाजते, ढिली ठक्क. ढिली सापडली की चाचांकडे. ती कसण्याचं काम नवशिक्याचं नव्हे, चाक वाकडं होतं. कच्च्या रस्त्याच्या फेरीनंतर एअर फिल्टर बघायचा, पिठाची चाळणी झटकतो तितक्याच नेमानं. टायरांत ट्यूब असते, म्हणून एकवीस इंची ट्यूब मी डिकीच्या पिशवीत बाळगते. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे हा आकार मिळेलच असं नाही, आणि अडीनडीला तीच ट्यूब मागच्या चाकातही चालून जाते. इतर बारीकसारीक सामान कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर. तिथं चार दुकानं फिरून भाव करायचा, साडीसारखाच.

पावसाचं वाकोल्याला सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो आम्ही माळ्यावर बसून काढला. नाल्याला भरती आणि पाऊस एकदम गाठतात तेव्हा गाडी कितीही उंच असो, मी ती पुलाकडच्या चढावर नेऊन लावते. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा पुन्हा सुरू करायला जाऊ नका. आत पाणी ओढलं गेलं तर इंजिनच जातं.

सासूबाईंना मी रमिला लटपटेंचा फोटो दाखवला. २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून, मोटारसायकलवर जगाच्या सफरीला गेटवे ऑफ इंडियापासून निघालेल्या. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाल्या, "त्यांना काष्टा घालता येतो. तू तुझी ओढणी घरी ठेव, चाकात जायची." ते मात्र मी ऐकलं.

श्रावणात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. सोमवारी पहाटे निघाले. मनोरला चहाला थांबले तेव्हा चेन हातानं हलवून पाहिली, जरा जास्तच हलली. पाना पिशवीत होता. दहा मिनिटं लागली, चहावाल्याची दोन पोरं बघत उभी. फाट्यावर तीन जीपा उभ्या होत्या, जीपवाले पत्ते खेळत होते. ओहोळाला गुडघ्याखाली पाणी होतं. आधी चालत जाऊन तळ पाहिला, मग पहिल्या गिअरमध्ये, थांबता न थांबता, पलीकडे.

आई दारातच होती. गोळ्यांची पिशवी तिनं घेतली, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुळशीपाशी नको लावू, तेल गळेल."

"गळत नाही," मी म्हटलं. तरी लावली कुंपणाकडे.

मंगळवारी संध्याकाळी वाकोल्यात पाइपलाइनीच्या कडेला बादली घेऊन बसले. तारांमधली लाल माती निघता निघेना. चाचा गॅरेजमधून ओरडले, "पोहोचलीस का वेळेवर?" मी पान्यानं एका तारेवर टिचकी मारून त्यांना ऐकवली.