अर्धं सूत

परवा गॅरेज आवरताना एका खोक्यात बाबांचं भिंग सापडलं. २०१५ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे टेक्सासला आले होते, तेव्हा इथेच राहून गेलेलं. ते हातात घेतलं आणि शेजाऱ्याच्या गॅरेजमधली ती दुपार आठवली. म्हटलं, विसरायच्या आत लिहून टाकू.

आधी बाबांबद्दल थोडं. त्यांची अख्खी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेली. १८६९ सालचा हा कारखाना २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला, पण आमच्या घरी त्याचं नाव अजून नुसतं 'फॅक्टरी'. बाबा तपासणीत होते. घरी आल्यावर कामाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. शाळेत मित्रांना सांगायला काहीच हाती लागायचं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आता शेजारी. अतिशय भला माणूस. कुठलीही वस्तू आहे तशी वापरणं मात्र त्याला जमत नाही. त्याच्याकडे दोन पिस्तुलं होती, दोन्ही १९११ जातीची. जॉन ब्राउनिंगने केलेली ही रचना अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारली आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. एक पिस्तूल त्याच्या आजोबांचं, दुसऱ्या महायुद्धातलं. दुसरं नवं, आणि त्या नव्याचं त्याने 'कन्व्हर्जन' करून घेतलं होतं. मूळचं पिस्तूल .४५ एसीपीचं. त्यात आता .४५ सुपर चालायचं.

त्या शनिवारी तो आम्हाला हे सगळं उत्साहाने दाखवत होता. बाबा हात पाठीमागे बांधून उभे. पिस्तुलाला त्यांनी शेवटपर्यंत बोट लावलं नाही. मी मधेच "ही गोळी" म्हणालो तेव्हा हळूच म्हणाले, "काडतूस म्हण. गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा."

मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं, तेवढं ते फॅक्टरीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसतील. साध्या .४५ च्या काडतुसात दाब दर चौरस इंचाला २१,००० पौंडांपर्यंत जातो. सुपरमध्ये २८,०००. (आपल्या कुकरची शिटी १५ च्या आसपास होते, म्हणजे कल्पना करा.) बार उडाला की या पिस्तुलाची नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत जराशा मागे सरकतात. तेवढ्यात गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामं पितळी नळकांडं बाहेर फेकते. दाब वाढवला की स्लाइड जास्त जोरात मागे येते, म्हणून स्प्रिंग जड लागते. शिवाय काडतूस आत शिरावं म्हणून नळीच्या तोंडाशी खालच्या बाजूला उतार दिलेला असतो. तिथे काडतुसाला नळीचा आधार नसतो, दाब झेलायला फक्त पितळ. म्हणून नळीही वेगळी, तिथे जास्त आधार देणारी. थोडक्यात, एका ठिकाणी दाब वाढवला की तो पुढे कोणाकोणाला झेलावा लागणार, हे शोधत जायचं.

हे मी शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, अगदी बरोबर, सगळं बदललंय.

बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला. "हे नवं काडतूस जुन्या पिस्तुलात जातं का?"

शेजारी थांबला. म्हणाला, जातं. बाहेरून मापं तीच आहेत.

आणि टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुटी काडतुसं, दोनेकशे असतील. त्याची सोळा वर्षांची मुलगी नेमबाजी शिकत होती, पणजोबांच्या पिस्तुलावर. त्याचं पोलाद आजच्याइतकं कडक नाही, नळी जुनी, स्प्रिंग मूळची. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघं तोच डबा घेऊन रेंजवर जाणार होते.

बाबा मराठीत म्हणाले, "त्याला म्हणावं, बुडं वाच."

काडतुसाच्या बुडावर शिक्का असतो. साध्यावर '४५ ऑटो', त्यावर '४५ सुपर'. अक्षरं बारीक. बाबांनी खिशातून हे भिंग काढून माझ्या हातात दिलं. मी आणि शेजारी खाली बसलो. एकेक काडतूस उचलायचं, वाचायचं, वेगळं ठेवायचं. बाबा उभे राहून मोजत होते. तासाभरात त्या डब्यातून अकरा 'सुपर' निघाली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. शेजारी काही बोलला नाही. अकरावं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला.

मला तेव्हा आमचं पुण्यातलं जुनं घर आठवलं. मी आठवीत असेन. उन्हाळ्यात कूलर लावला की फ्यूज उडायचा. एका दुपारी मी शहाणपणा करून त्यात जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला! दोन दिवसांनी भिंतीवरची लाकडी पट्टी काळी पडली आणि घरभर जळका वास सुटला. बाबांनी मारलं नाही. जुनी बारीक तार दाखवून म्हणाले, "ही कमजोर म्हणून वितळत नव्हती. वितळणं हेच तिचं काम होतं."

परतताना मी विचारलं, दोन काडतुसं सारखी दिसत असतील तर माणसाने काय करायचं? रोज भिंग घेऊन बसायचं? बाबा म्हणाले, "माणूस दमतो. शिक्का वाचायला विसरतो. ज्याने बनवलं त्याने ती चूक होणारच नाही असं बनवायला हवं."

नंतर मी वाचलं, काहींनी अगदी तसंच केलेलं आहे. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा त्याचं नळकांडं जुन्या .३८ स्पेशलपेक्षा सुमारे इंचाचा आठवा भाग लांब ठेवलं, ते जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. आणि .४५ च्याच घराण्यातलं .४६० रोलंड, दाब ४०,००० पर्यंत, त्याचं नळकांडं इंचाच्या सोळाव्या भागाने लांब. गोळी जास्त खोल बसवलेली, त्यामुळे मॅगझिनमध्ये नीट मावतं, पण जुन्या नळीत पूर्ण शिरत नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अर्धं सूत." सुतार-गवंड्यांचं माप, आठ सुतांचा इंच. "अर्ध्या सुताने काम केलं बघ."

पुढच्या वर्षी शेजाऱ्याने नव्या पिस्तुलाची नळी पुन्हा बदलली आणि रोलंडची घेतली. मला म्हणाला, दाब वाढवायची हौस आहेच, खोटं कशाला बोलू, पण आता हे काडतूस पोरीच्या पिस्तुलात जात नाही. डबेही दोन झाले.

भिंग सापडलं म्हणून काल बाबांना फोन केला. म्हटलं, कोणाबरोबर तरी पाठवून देतो. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. त्या पोरीचं कसं चाललंय?"

लग्न झालं तिचं, असं सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.