पाकिटावरचे आकडे

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याला सहा महिने झाले होते. 2008 सालची गोष्ट. त्यांना कोथरूडहून आमच्याकडे, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला आणायचं ठरलं, पण साध्या गाडीत त्यांना बसवणं-उतरवणं एकट्याचं काम नव्हतं. म्हणून मी 1985 सालची एक फोर्ड इकोनोलाइन व्हॅन घेतली. बाजूच्या दाराला व्हीलचेअर उचलणारी लिफ्ट होती आणि ती उत्तम चालत होती. इंजिनाबद्दल विकणाऱ्याने सांगितलं ते मी खरं धरून चाललो. आठवडाभरात कळलं की थंडीत आतलं पाणी गोठून ब्लॉकला चीर गेली आहे आणि वरून कोणीतरी ती लेप लावून बुजवली आहे.

मी दाराशी उभा राहून गाडीखाली साचलेलं पाणी बघत होतो. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "माझ्या शेडमध्ये पावाच्या गाडीचं इंजिन पडलंय. तेच बसवू." ते बोलायचे इंग्रजीत, पण आवाजातला जिव्हाळा माझ्या कानाला "अरे" असाच लागायचा. माझी मुलगी त्यांना इंजिनआजोबा म्हणायची.

घरोघरी नाही, पण दुकानोदुकानी पाव पोचवणाऱ्या चौकोनी गाड्यांमध्ये तिकडे कमिन्सचं चार सिलिंडरचं 3.9 लिटरचं डिझेल इंजिन असे. गाडीचा पत्रा गंजून जातो, इंजिन मात्र तसंच राहतं. आजोबांनी ते भंगारातून आणून ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ते आयुष्यभर कमिन्सच्या कोलंबसमधल्या कारखान्यात इंजिन चाचणीच्या विभागात होते. माझे बाबा 1962 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्समध्ये, कोथरूडच्या टेस्ट बेडवर. हे सांगितल्यावर आजोबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर मग हे आपल्याला नीट करायला हवं."

मी त्याच कंपनीत संगणकावर आराखडे काढत होतो. हाताला ग्रीस लागलं ते या कामाला लागलेल्या अकरा शनिवारांत.

इंजिन बदलायचं म्हणजे एक काढून दुसरं ठेवायचं, अशी माझी समजूत होती. जुनं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन लांब होतं, नवं आखूड पण उंच आणि जवळपास 340 किलोचं. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. ऑइल चेंबर खालच्या आडव्या बीमला अडत होता, तो कापून पुन्हा वेल्ड केला. डिझेल इंजिन पंपाला जास्तीचं आलेलं इंधन टाकीत परत पाठवतं, म्हणून परतीची वेगळी नळी टाकली. हे इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या पुढे फारसं जायला तयार नसतं, तेव्हा मागचं क्राऊन-पिनियनही बदललं, नाहीतर हमरस्त्यावर गाडी रडत चालली असती. हे सगळं आजोबांच्या डोक्यात आधीपासून मांडलेलं होतं. मला ते एका शनिवारी एवढंच सांगत, जेवढं त्या दिवशी समजेल.

एका शनिवारी मात्र मी चिडलो. बाबांचं तिकीट काढलेलं होतं आणि आजोबा म्हणाले, पुढचं टायमिंगचं कव्हर उघडायचं. त्या इंजिनात एक छोटी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडली तर सगळं इंजिन जातं. मी म्हटलं, इतकी वर्षं नाही पडली. त्यांनी उत्तर दिलं नाही, पान्यांचा डबा उघडला. कव्हर काढलं तेव्हा पिन बाहेर डोकावत होती. ती आत ठोकून त्यांनी वर पत्र्याची बारीक पट्टी बसवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यात तुझे वडील बसणार आहेत ना?"

ब्रेकची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. पेट्रोल इंजिनात हवा ओढली जाते त्या निर्वातावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये ती ओढच नसते. मला हे ठाऊक नव्हतं. त्यांची वाट न बघता मी गाडी उतारावर काढली, पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडी त्यांच्या कुंपणात जाऊन थांबली. दोन खांब मोडले. ते धावत आले, आधी माझे हात-पाय बघितले आणि म्हणाले, "चूक माझी. मी आधी सांगायला हवं होतं." पुढच्या आठवड्यात भंगारातल्या एका ट्रकचा हायड्रॉलिक बूस्टर आणून बसवला. खांब मी दुरुस्त करायच्या आत त्यांनीच उभे केले होते.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा आमची सकाळ होती, पुण्यात संध्याकाळ. मी फोन लावून इंजिनापाशी धरला. बाबांचं बोलणं जड झालं होतं, तरी शब्द स्पष्ट आला, "एक सिलिंडर मारत नाहीये." मग म्हणाले, "इंजेक्टरचे नट एकेक करून ढिले कर. ज्याने आवाज बदलणार नाही, तो." मी वळून आजोबांना हे सांगायला गेलो, तर त्यांच्या हातातला पाना पहिल्या नटावर बसलेला होता. तिसरा निघाला.

त्या दिवशी दुपारी आजोबांनी मला गावातली जुनी गोष्ट सांगितली. क्लेसी कमिन्स हा डब्ल्यू. जी. अर्विन या बँकरच्या घरचा ड्रायव्हर. अर्विनच्या पैशावर 1919 साली कंपनी निघाली आणि दहा वर्षं तोटाच झाला. शेवटी क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपलं डिझेल इंजिन कसंबसं बसवलं आणि 1929 च्या नाताळात अर्विनला त्यातून फिरवून आणलं. मग जानेवारीत ती मोटार न्यूयॉर्कला नेली. जवळपास 800 मैल, इंधनाचा खर्च 1 डॉलर 38 सेंट. मी ती गोष्ट कंपनीत बऱ्याचदा ऐकली होती, नेहमी त्या 1 डॉलर 38 सेंटसाठी. आजोबांनी ती अर्विनची गोष्ट म्हणून सांगितली. आपल्या ड्रायव्हरच्या वेडापायी दहा वर्षं पैसे घालत राहिलेला माणूस. मला वाटतं, तीच त्या गोष्टीची खरी बाजू आहे.

बाबा आले. ऑक्टोबर होता. राज्य मार्ग 46 वरून आम्ही नॅशव्हिलच्या बाजूला ब्राऊन काउंटीची पानगळ बघायला निघालो. पुढच्या दोन सीटच्या मधोमध इंजिनाचं कव्हर, त्याला लागून मागे बाबांची खुर्ची. चार सिलिंडरची थरथर सगळ्या गाडीत पसरते. बाबांनी डावा, चांगला हात पुढे करून कव्हरवर ठेवला. शेजारच्या सीटवरून आजोबांनीही डावाच ठेवला. जाऊन-येऊन तासभर दोघं एक शब्द बोलले नाहीत आणि बाहेरची लाल-पिवळी झाडं मीच एकटा बघत होतो.

परत आल्यावर मी आजोबांच्या हातात पाकीट दिलं. इंजिनाचे आणि सुट्या भागांचे पैसे, चेकने. मजुरीचा हिशेब मला मांडताच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पाकीट माझ्या टपालपेटीत होतं. चेक आत तसाच, आणि बाहेर पेन्सिलीने लिहिलेलं: फायरिंग 1-3-4-2. व्हॉल्व्ह: इंटेक 10, एक्झॉस्ट 20. बाबांनी ते हातात घेऊन वाचलं. "थाऊ," ते म्हणाले, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "10 थाऊ, 20 थाऊ. थंड इंजिनाला. गरम असताना फिलर गेज घालू नकोस."

बाबा 2013 साली गेले, आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी. व्हॅन आहे. लिफ्टची मोटर एकदा बदलली, इंजिनाला मी तेल-फिल्टर आणि व्हॉल्व्ह सोडून काही केलेलं नाही. ठरावीक मैल झाले की एखाद्या शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, कव्हर काढून व्हॉल्व्ह लावायला बसतो. आकडे केव्हाचे पाठ आहेत. तरी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पाकीट काढतो, चेकसकट, आणि एकदा बघून घेतो.